मायनस साडेनऊ

वर्तकनगर, ३ ऑगस्ट २०२५

प्रफुल्लदादा,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझा फोन मी ब्लॉक केलाय, आणि डॉक्टरांनी मला मोबाईलकडे बघायला बंदी केलीये. म्हणून वहीच्या पानांवर मार्करने लिहितेय. एका ओळीत चार-पाच शब्द मावतायत. उजव्या डोळ्याने लिहितेय. डावा झाकलेला आहे.

आईने तुला सांगितलंय, "दर्शनाच्या डोळ्याला इन्फेक्शन झालेलं, आता बरं आहे." आई तेवढंच सांगणार. तिला वाटतं तू तिकडे डोंबिवलीत दुकानात बसून काळजी करशील. कर. काळजी करण्यासारखंच आहे.

अठरा जुलैला सकाळी उठले तेव्हा डाव्या डोळ्यात काच गेल्यासारखं टोचत होतं. लेन्स डोळ्यातच होती. लग्नाला आठ महिने झाले, आठही महिने ती रात्री डोळ्यातच असायची. हे तुला नवीन नाही. तूच सांगितलेलंस, "लग्न नवीन आहे, थोडे दिवस लावून झोप. हल्लीच्या लेन्सेसमधून हवा जाते, काही होत नाही." दर महिन्याला दुकानातून नवीन जोडी पाठवायचास, आईच्या लाडवाच्या डब्यात घालून. माझा चष्मा कपाटात सॅनिटरी पॅडच्या पाकिटात होता. घरात ते पाकीट कोणी उघडणार नाही, म्हणून. सकाळी प्रीतमच्या आधी उठायचं, बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढायची, धुवायची, परत घालायची. कधी लेन्स धुवायचं औषधी पाणी संपलेलं असायचं, मग नळाखाली. प्रीतम विचारायचा, "इतका वेळ काय करतेस आत?" मी म्हणायचे, "तोंड धुते."

दोन दिवस मी प्रीतमला धूळ गेली म्हणून सांगितलं. खाली रस्त्याचं काम चाललेलं, त्याला पटलं. तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना. आरशात जवळ जाऊन बघितलं तर बुबुळावर पांढरा ठिपका. आजी म्हणायची ना, डोळ्यात फूल पडलं, तसं. लेन्स काढली, आणि मग मला दरवाजाही नीट दिसेना. चौकटीवर आपटले. प्रीतमने गाडी काढली. घोडबंदर रोडवर तासभर अडकलेलो. मी ओढणी तोंडावर घेऊन बसलेले. तो सारखा विचारत होता, "दर्शना, कधीपासून होतंय हे?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विनिता मॅडम होत्या. त्यांनी डोळा बघितला आणि आवाज बदलला त्यांचा.

"लेन्स लावता?"

"हो."

"रात्री काढता ना?"

मी हनुवटी मशीनवर आणखी घट्ट टेकवली.

"नंबर किती?"

"मायनस साडेनऊ."

प्रीतम शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, काहीतरी चूक होतेय. हिचं लेझर झालंय. लग्नाआधीच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "कोण म्हणालं?"

"हिच्या भावाने सांगितलं. त्यांचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे."

दादा, मला हे तिथे, त्या खुर्चीत, हनुवटी मशीनवर टेकवलेली असताना कळलं. मला तू सांगितलेलंस की त्यांच्याशी नंबराचं काही बोललो नाहीये. वर्षभर लेन्स लाव, मग आपण लेझर करून टाकू, विषय संपेल. मी ते वर्ष संपायची वाट बघत होते.

प्रीतम त्यानंतर औषधाच्या दुकानात रांगेत उभा राहिला, ड्रॉप्स घेतले, दर तासाला घालायचे ते मोबाईलवर अलार्म लावून घातले. पाच दिवस. सहाव्या दिवशी म्हणाला, "तुझ्या आईकडे सोडू का थोडे दिवस?"

म्हणून मी इथे आहे.

दर्शना


वर्तकनगर, २४ ऑगस्ट २०२५

दादा,

आईने तुझं पार्सल दिलं. नवीन चष्मा, डबीही छान, मखमली.

फ्रेम चांगली आहे. काचा पातळ, महागातल्या. आईला म्हणे तू सांगितलंस, "अजिबात जाड दिसणार नाही, सांग तिला. कडेने रिंगापण दिसत नाहीत."

ते ऐकून माझं डोकं सटकलं. आई घाबरली, इतकी मी ओरडले. अरे, डाव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मॅडमनी तक्ता वाचायला लावला. जुना चष्मा लावूनही मी दुसऱ्या ओळीच्या खाली गेले नाही. फूल बरोबर मधोमध आहे. पातळ काचा असोत की जाड, तिथे मला धुकंच दिसणार. हे आईने तुला सांगितलेलं. आणि ते ऐकून तुला काय सुचलं? रिंगा दिसणार नाहीत! मी कशी दिसते ह्याची तुला अजून काळजी आहे. मला काय दिसतं, हे तू अजून विचारलेलं नाहीस.

चष्मा परत पाठवतेय.

दुकानात येणाऱ्या पोरींना तू काय सांगतोस, मी ऐकलंय. कॉलेजात असताना सुट्टीत मी काउंटरवर बसायचे. "ताई, चष्मा म्हणजे आता फॅशन आहे, चेहरा भारदस्त दिसतो." गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला भारदस्त, आणि बहिणीच्या चेहऱ्याला खोट?

हो, मला माहितीये तू काय म्हणशील. तीन स्थळं आलेली. बदलापूरवाले चहा न संपवता उठलेले. त्यांची बाई जिन्यात म्हणाली, "मुलगी शिकलेली आहे, पण बाटलीची बुडं लावलीत डोळ्यांना." तू मागेच होतास. बाबा जाऊन वर्ष झालेलं, आणि तुला वाटलं आता हे आपल्यालाच निभवायचंय. मला तेव्हा तुझी दया आलेली. आता येत नाही. त्या बाईने मला एकदा नाव ठेवलं आणि आपल्या घरी गेली. तू तिचं बोलणं घरात आणून ठेवलंस.

परवा प्रीतमच्या आईचा फोन आलेला. त्या ओरडत नाहीत, त्यांचं बोलणं सरळ असतं. म्हणाल्या, "आम्ही चष्म्याची मुलगी नाकारली असती की नाही, ते आता कोण सांगणार? तुम्ही आम्हाला विचारलंच नाहीत." मग म्हणाल्या, "आता तरी ते लेझर करून घ्या, आणि मग या घरी. लोकांना तेच सांगितलंय आम्ही."

मी विचारलं, "प्रीतमचं काय म्हणणं आहे?"

"तो काही म्हणतच नाही," त्या म्हणाल्या. "जेवतो आणि बाल्कनीत जाऊन बसतो."

तू पण आईकडे तेच म्हणालास ना, उजव्या डोळ्याचं लेझर लगेच करू, ओळखीचे डॉक्टर आहेत? सगळ्यांना माझं लेझर पाहिजे. ठीक आहे. मी स्वतः जाऊन विचारते.

दर्शना


वर्तकनगर, १४ सप्टेंबर २०२५

प्रफुल्ल,

आज 'दादा' पण नाही.

गुरुवारी मी एकटी विनिता मॅडमकडे गेले. आई येते म्हणाली, मी नको म्हटलं. जुना चष्मा लावला, तोच पाकिटातला. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं, बघू दे म्हटलं.

मॅडमना सांगितलं, मला तिन्ही गोष्टी समजावून सांगा. चष्मा, लेन्स, लेझर. माझ्या डोळ्यांना काय चालेल ते मलाच सांगा, माझ्या वतीने दुसऱ्या कुणाला नको. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावते. माझा एक डोळा गेल्यात जमा आहे, दुसरा मला जपायचाय.

त्यांनी हसून "बरं" म्हटलं आणि उजव्या डोळ्याचा स्कॅन करायला पाठवलं. काउंटरवरच्या मुलीने नाव टाकलं आणि म्हणाली, "तुमची आणखी एक जुनी फाइल आहे ना इथे? पाच वर्षांपूर्वीची. मोबाईल नंबर शेवटी एकेचाळीस?"

शेवटी एकेचाळीस तुझा आहे.

मग आठवलं. मी बावीसची होते. तू म्हणालास, "चल, फुकट तपासणी आहे, लेझर होतं का बघू." निळ्या गोल-गोल वर्तुळांच्या मशीनमध्ये बघायला लावलेलं. रिपोर्ट आणायला तू गेलेलास. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणालास, "आत्ता घाई नको, पुढे बघू." मी पुढे विचारलं नाही. मोठा भाऊ, त्यात ह्याच धंद्यातला. मी कशाला विचारेन?

मॅडमनी ती फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही डोळ्यांचा कॉर्निया, बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा, मुळातच पातळ आहे. लेझर तो आणखी तासून पातळ करतं, आणि साडेनऊ नंबर घालवायला फार तासावं लागतं. खाली इंग्रजीत लिहिलंय: लेझरसाठी योग्य नाही. त्याखाली: नातेवाइकाला समजावून सांगितले. त्याखाली तुझी सही. प्रफुल्लमधला 'फु' तू अजून तसाच काढतोस.

मी मॅडमना म्हटलं, "म्हणजे हे कधीच होणार नव्हतं?"

"नाही. केलं असतं तर डोळा आणखी बिघडला असता," त्या म्हणाल्या. "भावाने तुम्हाला सांगितलं नाही?"

मला सांगितलंस, लेझर करू. त्यांना सांगितलंस, लेझर झालं. आणि पाच वर्षं तुझ्याकडे कागद होता, लेझर होणार नाही. मग मी किती वर्षं लेन्स लावून झोपणार होते, प्रफुल्ल? काही ठरवलेलंस? मूल झाल्यावर? दवाखान्यात, बाळंतपणात, लेन्स घालूनच? तुला लेन्सचं सगळं ठाऊक आहे. बाहेरच्या मुलीला तू आठ तासांच्या वर लावू देत नाहीस, दुकानात पाटी आहे तशी.

आपण लग्नात पंचशील घेतलं. सगळा हॉल उभा, हात जोडून. चौथं शील काय आहे? खोटं बोलणार नाही. तू पहिल्या रांगेत उभा होतास, तुझा आवाज सगळ्यात मोठा होता. मला तो स्टेजवर ऐकू आला आणि अभिमान वाटलेला.

मॅडमनी बाकीचंही सांगितलं. लेन्सचं आता नाव काढायचं नाही. डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा एक मार्ग असतो, पण चांगला राहिलेला एकुलता एक डोळा उघडायची घाई कुणी शहाणा डॉक्टर करणार नाही. राहिला चष्मा. "तुमच्यासाठी चष्माच सगळ्यात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वीपण तोच होता."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. रडले नाही. रडलं की डोळा चुरचुरतो.

तुला एक काम सांगते. फोन, पार्सल, ओळखीचे डॉक्टर, काही नको. प्रीतमच्या घरी जा. त्याच्या आईसमोर, त्याच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. मी अठ्ठावीस तारखेला, रविवारी अकरा वाजता तिथे असेन.

दर्शना


वर्तकनगर, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू आलास. हे मी मान्य करते. मला वाटलेलं, नवरात्रात टेंभी नाक्याकडून गाड्या वळवलेल्या असतात, तेच कारण सांगशील.

तू तिथून अर्ध्यात उठून गेलास, म्हणून पुढचं लिहितेय. आणि अर्धं का झालं तेही लिहितेय, कारण तू बाहेर जाऊन आईला वेगळं सांगितलंस.

तू सांगितलंस, रिपोर्ट मला पाच वर्षांपासून ठाऊक होता. लेझर झालं हे मी खोटं बोललो. प्रीतमच्या आई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. तुझा आवाज फुटला तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिथपर्यंत बरोबर होतं. मग तू म्हणालास, "दर्शनाचा ह्यात काहीच दोष नाही. तिला काही माहीत नव्हतं. मी लेन्स लाव म्हटलं, तिने लावल्या."

आणि मी म्हटलं, "हे पण खोटं आहे."

तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मीच तुला फसवलंय. उठलास, चपला घातल्यास. लिफ्टची वाटही बघितली नाहीस, सतरा मजले जिन्याने गेलास.

तू मला वाचवायला बघत होतास, कळलं मला. पण ते वाचवणं मला नको झालंय. तुझं प्रत्येक खोटं मला वाचवायलाच होतं.

तू गेल्यावर मी त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते. आधीच्या तीन पत्रांत मी हे लिहिलेलं नाही. लेन्सच्या डबीबरोबर एक कागद येतो. त्यात चित्र असतं, बंद डोळा आणि त्यावर फुली. मी तो कागद पहिल्याच महिन्यात वाचलेला. लॅबमध्ये काम करते मी. नळाच्या पाण्यात काय काय पोहत असतं ते मी स्वतः काचपट्टीवर बघितलंय. मला ठाऊक होतं. जानेवारीत एकदा प्रीतमने चहा पिताना विचारलेलं, "तुझे डोळे सारखे लाल का असतात? चष्मा लागला असेल तर लाव ना, त्यात काय आहे." खरं सांगायला दार सताड उघडं होतं. मी हसले आणि म्हटलं, "छे, झोप झाली नाही." कारण मला आवडायला लागलेलं, दादा. दहा वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा फोटोत माझे डोळे आहेत तेवढे मोठे दिसत होते, जाड काचेमागे बारीक झालेले नाही. लोक म्हणायचे, किती बोलके डोळे आहेत. ते ऐकण्यासाठी मी चित्रातल्या फुलीकडे दुर्लक्ष केलं.

हे सांगून झाल्यावर प्रीतमच्या आई म्हणाल्या, "म्हणजे दोघं भाऊ-बहीण सारखेच." आणि आत गेल्या, भात करपत होता.

प्रीतमने माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला. लगेच काढला. "डोकं गरगरलं," म्हणाला. "तुला असं दिसतं?"

"नाही," मी म्हटलं. "हा लावल्यावर मला नीट दिसतं. काढल्यावर तू सोफ्यासारखा दिसतोस."

तो हसला नाही. म्हणाला, "मी आठ महिने माझ्या बायकोबरोबर राहत होतो असं मला वाटत होतं. मला चष्म्याचा राग नाही ग. तू रोज सकाळी माझ्यापासून लपायला उठायचीस, त्याचा आहे. तो लगेच जाणार नाही."

"जाऊ नकोच दे," मी म्हटलं. "माझापण जात नाहीये."

त्याने चष्मा शर्टाने पुसून परत दिला. काचेवर ओरखडा पडेल, शर्टाने पुसू नये, हे मी त्या वेळी बोलले नाही.

दर्शना


घोडबंदर रोड, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्ता बघून आईला आनंद होईल, तुलाही होईल. एवढ्यात होऊ देऊ नकोस.

तीन आठवडे झाले मला इथे येऊन. प्रीतम न्यायला आला नव्हता. मीच आले, चष्मा लावून, माझी बॅग घेऊन. तो आणि मी एका घरात पाहुण्यांसारखे वागतो. पण परवा त्याने विचारलं, उजव्या डोळ्याची पुढची तपासणी कधी आहे, आणि ऑफिसात सुट्टी टाकली. आत येऊन बसणार म्हणाला, बाहेर नाही.

त्याच्या आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आजारपणात चष्मा लागला बिचारीला." पहिल्या वेळेला मी गप्प बसले. दुसऱ्या वेळेला त्यांच्या नणंदेसमोर म्हटलं, "नाही आत्या, दहा वर्षांची असल्यापासून आहे." त्या दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या. तिसऱ्या पाहुणीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. मला तेवढं पुरे.

लॅबमध्ये रुजू झाले. मायक्रोस्कोपला एकच डोळा लावते. वेळ दुप्पट लागतो. उत्तम सर म्हणाले, "हळूहळू होईल." मी मान डोलावली. एकाच डोळ्याने जिन्याच्या पायऱ्यांचा अंदाज येत नाही, कठडा धरून उतरते. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो. हे सगळं बरं होणार नाहीये. वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, फक्त तुला माहीत असावं.

तू आईच्या हाती निरोप पाठवलास की दुकानात ये, नंबर तपासतो, चांगला चष्मा करून देतो, पाहिजे तशा काचा टाकतो. मी आले नाही. काल लॅबमधून निघाल्यावर वर्तकनगरच्या नाक्यावर एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे गेले. एक बाई चालवतात, पन्नाशीच्या. त्यांनी शांतपणे नंबर तपासला, डाव्या डोळ्यापाशी थांबल्या, काही विचारलं नाही. पातळ काचा दाखवल्या, साध्याही दाखवल्या. म्हणाल्या, "पातळ हलक्या असतात, नाकावर वळ पडत नाहीत." तू मला एवढंच सांगितलं असतंस तर मी तुझ्याही घेतल्या असत्या. मी पातळ घेतल्या. वळ पडतात म्हणून.

पावती लिहिताना त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का चष्मा?"

मी म्हटलं, "भावाचं चष्म्याचं दुकान आहे. डोंबिवलीला."

त्यांनी पेन थांबवलं. "अगं बाई! मग इकडे कशाला आलात?"

त्या माझ्याकडे बघत होत्या, मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी पावती घेतली आणि बाहेर आले.

त्या प्रश्नाचं उत्तर तू दे. आईकडे निरोप नको, फोन नको. बसून, स्वतःच्या हाताने लिही. मला वाचता येईल एवढं मोठं.

दर्शना